मामांची वाफेची कादंबरी

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका भित्रा माणूस रत्नागिरीत पूर्वी कधी झाला नाही आणि यापुढे व्हायचीही शक्यता नाही. तुम्ही म्हणाल, भित्री माणसं काय, घरोघर असतात. असतात; पण ती वेळप्रसंगी भितात. पाल अंगावर पडली, वीज कडाडली, की तेवढ्यापुरती भितात आणि मग हात धुऊन जेवायला बसतात. मामांना असं अधूनमधून भिणं मान्य नव्हतं. गवयानं पहाटे उठून तंबोरा जुळवावा तसे ते पहाटे उठून भ्यायला लागायचे. आमच्या आळीतून बाजाराकडे जाणारा रस्ता सरळ होता, पण त्यावर दोन्ही अंगांना माड होते. मामा प्रत्येक माडाला वळसा घालून जात, त्यामुळे भाजी आणायला गेलेले मामा अमक्याच्या अंगणातून, तमक्याच्या गोठ्यामागून फिरून यायचे तोवर आमची डाळ शिजून थंड झालेली असे. "मामा, आजवर कुणाच्या डोक्यात नारळ पडलाय का?" असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "पडला नाही म्हणूनच तर. कधीतरी पडायचाच की तो." एसटीत ते नेमके मधल्या बाकावर बसत. पुढून धडक बसली तर पुढचे जातात, मागून बसली तर मागचे जातात, मधल्यांना निदान विचार करायला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं. दापोलीच्या एका लग्नाहून येताना आम्ही सगळे हर्ण्याला मासळीचा लिलाव बघायला थांबलो, तेव्हा मामा आधी समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, कारण लाटा बघवत नाहीत. आणि मग लगेच तोंड फिरवून उभे राहिले, कारण पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही. लिलाव संपेपर्यंत ते असे फिरतच होते.

पेशानं ते चित्रकलेचे मास्तर. हात असा सुंदर की खडूनं फळ्यावर काढलेल्या आंब्याला माशी बसावी. पण विषय निवडताना सावध. त्यांच्या वर्गात वाघ काढायचा तर झोपलेला. एका मुलानं एकदा जागा वाघ काढला, तर मामांनी त्याला वाघाचे डोळे मिटायला लावले आणि मगच मार्क दिले. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्त झाल्यावर ते आमच्याच घरी, पडवीलगतच्या खोलीत राहायला आले.

लग्न का केलं नाही, याचं कारण देवी. आमचं मूळ गाव मालगुंडच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत. तिथल्या ग्रामदेवीवर मामांचा भार. आमच्याकडे अडल्या कामाला देवीचा कौल घेतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इतर लोक हा कौल जमिनीच्या, सोयरिकीच्या, नाहीतर मोठ्या दुखण्याच्या वेळी घेतात. मामा तो चष्मा बदलायला घेत. लग्नाचा कौल त्यांनी प्रत्येक स्थळाला लावला होता आणि दर वेळी तो डावा आला होता. तिथला गुरव त्यांच्याच वयाचा होता. मामा पायवाटेवर दिसले की तो हातातलं काम टाकून फुलं तोडायला लागायचा.

आमच्या घरात प्रेशर कुकर आला तेव्हा मामांच्या भीतीला खरा मोठेपणा आला. पहिल्या शिट्टीला मामा अंगणात जात, दुसरीला अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी, आणि तिसरीला रस्ता ओलांडून समोरच्यांच्या ओटीवर. तिथून ते विचारत, "निवला का गो?" मी "निवला" म्हटल्यावरही ते जरा थांबत, कारण मी या घरात लग्न होऊन आलेली, माझ्या सांगण्यावर विसंबायचं किती हा प्रश्न होताच. आणि एक दिवस खरोखरच कुकरची झडप उडाली. आवाज असा झाला की आळीतली कुत्री भुंकायला लागली. सगळी तूरडाळ छताला. मी कोपऱ्यात उभी होते. मामा समोरच्या ओटीवरून धावत आले आणि दारात उभे राहून छताकडे बघू लागले. किती वर्षं ज्या पाहुण्यांची वाट बघितली ते अखेर आले, असा त्यांचा चेहरा झाला होता.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट वेगळीच होती. आमची सुमी तेव्हा आठवीत होती. आम्ही सगळे छताकडे बघत असताना ती कुकरचं झाकण मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती आणि झडपेच्या भोकातून उजेडाकडे बघत होती. म्हणाली, "मामाआजोबा, एवढ्याशा पाण्याला एवढा जोर येतो कुठून?" मामांनी माझ्याकडे बघितलं. तापाच्या पोराच्या कपाळाला हात लावल्यावर जसं आपण एकमेकांकडे बघतो तसं. पोरीला वाफेची भीती वाटली नव्हती, आणि हे मामांच्या दृष्टीनं झडप उडण्यापेक्षा भयंकर होतं.

त्यावर मामांनी उपाय योजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मोठ्या कागदावर तिला बॉयलरचं चित्र काढून दिलं. काळाकभिन्न, घरापेक्षा उंच, शिवणीशिवणीतून वाफ फुटतेय आणि पायथ्याशी इवलीशी माणसं पळताहेत. पोरीनं ते बघून दचकावं, असा हेतू. पोरीनं ते चित्र भिंतीला लावलं आणि विचारलं, "ही माणसं कोण? कुठे पळताहेत?" तेव्हा मामांना चित्राला धरून गोष्ट लिहावी लागली. गोष्टीनं ती घाबरेना म्हणून तिच्या पुढे आणखी भीतिदायक गोष्ट लिहिली. असं करता करता सुमी दहावीत गेली तेव्हा त्या गोष्टीची भलीमोठी कादंबरी झाली होती. एका मुलीला वाफेपासून परावृत्त करण्यासाठी लिहिलेली, आणि ती मुलगी प्रत्येक प्रकरणासाठी खोलीच्या दाराशी ताटकळत उभी राहते अशी.

अलीकडे सुमी मला सांगते की परदेशात अशा कादंबऱ्यांचा एक वेगळा कप्पाच आहे, त्याला स्टीमपंक म्हणतात. आम्हाला कुठलं माहीत असायला. मामांनी आपलं मनानंच एक रत्नागिरी रचलं होतं, जिथे वीज कधी आलीच नाही आणि सगळं वाफेवर चालतं. आपल्याकडची गरम पाण्याची कुंडं नळांनी जोडून ती वाफ शहरभर फिरवलेली. माडावर चढून नारळ उतरवणारी पितळी यंत्रं, आपोआप भात भरडणारी जाती, आणि पत्र्याच्या शिडांचं एक हवेत उडणारं तारू, जे दीपगृहाच्या टोकाला दोरानं बांधलेलं. शिमग्याची पालखीसुद्धा त्यांनी वाफेवर नाचवली होती. पण देवीला आवडेल की नाही या भीतीनं ते पान फाडून टाकलं. नायिका भागीरथी, म्हणजे भागी. सुमीच्याच वयाची. हिचं काम काय, तर शहराखालच्या नळांत उतरून गळती शोधायची.

मी शाळेत मराठी शिकवत असल्यामुळे अभिप्राय देण्याची जबाबदारी माझी. आणि या कादंबरीबद्दल माझं मन तेव्हाही एक नव्हतं, आजही नाही. कादंबरी म्हणून तिला मी नापासच करीन. पुष्कळ पानं उलटली तरी कुणी कुणाशी बोलतच नाही, नुसत्या झडपा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक यंत्राला तीन-तीन संरक्षक झडपा, कारण एकीवर मामांचा विश्वास नाही. तारवातून कुणी खाली पडलाच तर तिथे हटकून पेंढ्याची उडवी. खलनायक हातात सुरी घेतो ती आंबा कापायला. मी हे सगळं बोलून दाखवायची आणि मामा मान डोलवायचे. पण भागी नळात उतरली, मागचं झाकण कुणीतरी बंद केलं आणि लांबून वाफ येत असल्याची गुणगुण तिच्या तळपायांना जाणवली, ते प्रकरण मी भर दुपारी, ओटीवर, माणसांत बसून वाचलं. तरी माझे पाय गार पडले. असं भय मी दुसऱ्या कुणाच्या लिहिण्यात वाचलेलं नाही. जन्मभर भ्यालेल्या माणसालाच ते लिहिता येतं. आणि हे वाचून माझी मुलगी म्हणते काय, तर "त्या नळाला मध्ये एक वळण हवं होतं, आई, म्हणजे जोर कमी झाला असता." मला भागीची भीती वाटत नव्हती. मला सुमीची वाटायला लागली होती.

प्रत्येक प्रकरणाआधी मामा गावी जाऊन भागीसाठी कौल घेत. भागीनं नळात उतरावं का, तारवावर चढावं का, शिडाला धरून लोंबकळावं का. एकदा गुरवानं विचारलं, "मास्तर, ही भागी म्हंजे कुनाची पोर?"

"माझीच म्हणायची," मामा म्हणाले.

"मंग एकदा घेऊन या की पाया पडायला."

"गोष्टीतली आहे हो ती."

गुरवानं फुलं हातात घेतली. "गोष्टीतली आसली म्हनून काय झाला. आई बघील तिच्याकडं," असं म्हणून त्यानं पाकळ्या लावल्या. आणि नवल असं की मामांना जन्मभर डावे कौल देणाऱ्या त्या देवीनं भागीला एकदाही अडवलं नाही. प्रत्येक वेळी उजवा. मामा घाम पुसत घरी येत आणि भागीला पुढच्या संकटात लोटत.

सुमी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि जेवताना शांतपणे म्हणाली, "मला मुंबईला जायचंय. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला." तिच्या वडिलांचा घास हातात राहिला. त्या काळात मुली डॉक्टर होत, मास्तरणी होत. यंत्रांच्या कारखान्यात तेलकट हातांनी उभी राहणारी मुलगी आमच्या ओळखीत कुणी नव्हती. वर्गात सगळे मुलगे, राहायचं वसतिगृहात, आणि समोर धडधडणारी यंत्रं. मला काय काय दिसलं ते मी इथे लिहीत नाही. तिची लांब वेणी होती, एवढंच सांगते. दोन-चार दिवस असे गेले. शेवटी तिचे वडील म्हणाले, "देवीला विचारू. ती म्हणेल तसं." मामांच्या कादंबरीचं तेवढ्यात शेवटचं प्रकरण यायचं होतं. भागीला उडत्या तारवाचं सुकाणू देऊ केलेलं. समुद्रापार कुठे जायचं ते कुणालाच ठाऊक नाही. जावं की राहावं. सुमी हसून म्हणाली, "दोन कौल कशाला? भागी गेली तर मी जाणार. भागी राहिली तर मी इथेच कॉलेजात जाईन, पुन्हा विषय काढणार नाही." देवी आजवर भागीच्या बाजूनं होती ना, म्हणून ती एवढी निर्धास्त.

मामा आणि मी, दोघंच गेलो. यांना कचेरी होती, सुमी घरी थांबली. देवळात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. गुरवानं पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "आई, तुजी लेकरां तुज्या पायाशी आलीत. पोर परमुलखात जाव म्हनते. तिनं जावा का ऱ्हावा, जा काय आसल ता तू सांग. चुकलामाकला पोटात घाल." मामा डोळे मिटून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. माझेही हलत होते. मी डावा मागत होते. अगदी उघड मनानं, एका शब्दाचीही लाज न वाटता, मी देवीला म्हणत होते की माझी पोर मला ठेव.

पाकळ्या बराच वेळ पडेनात. मग एक सुटली.

"डावा दिलान हो, मास्तर," गुरव म्हणाला. "आई नको म्हनते." मामांचा चेहरा बघून त्यानं जरा हळू विचारलं, "परत लावूया का?"

"नको," मामा म्हणाले. "दिलान तो दिलान."

परतीच्या एसटीत मामा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. मधली जागा रिकामी होती, पण त्यांचं लक्षच नव्हतं. मला इतकं हलकं वाटत होतं की सुमीची समजूत कशी घालायची, तिला कुठलं कापड घ्यायचं, इथपर्यंत माझे विचार गेले होते. आम्ही घराशी आलो तर पोर बेड्यातच उभी. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मामाआजोबा?"

"उजवा," मामा म्हणाले. "लख्ख उजवा."

ती आत धावत गेली. मी तिथेच उभी राहिले. मामा विहिरीकडे पाय धुवायला गेले, त्यांच्यामागे मी गेले. रहाटाचा दोर धरून ते उभे होते, पोहरा तसाच विहिरीत. मी म्हटलं, "मामा, देवीच्या नावानं खोटं बोललात तुम्ही."

"हो."

"आणि आता?"

"आता भ्यायचं," मामा म्हणाले. "मला त्याची सवय आहे. तिला नाही."

मग विहिरीच्या कठड्याला टेकून त्यांनी मला एक सांगितलं, जे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. तरुणपणी त्यांना मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. तेव्हा मुंबईला बोटीनं जायचं. बोट आत समुद्रात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, बसून तिच्यापर्यंत जायचं. मामा ट्रंक घेऊन पडावात बसले, पडाव बोटीजवळ पोचला आणि बोटीनं भोंगा दिला. मामा म्हणाले, "तो वाफेचा आवाज माझ्या पोटात शिरला गो. मी त्याच पडावातून परत आलो. घरात सगळ्यांना इतका आनंद झाला. आईनं साटोऱ्या केल्या. तिनं मागाहून कौल लावून घेतलान, तो डावा आला. म्हणजे मी केलं ते बरोबरच ठरलं. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. त्या साटोऱ्यांची चव अजून आठवत्ये मला." मग म्हणाले, "आज तिला घरी बसवली असती तर तूही काहीतरी गोडच केलं असतंस."

माझ्या मनात खरोखरच शिरा आला होता.

"तू तिला सांगू शकत्येस," मामा म्हणाले. "अजून ती घरातच आहे. सांगितलंस तर मी तुला नाव ठेवायचा नाही." मी पोहरा वर ओढला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि घरात गेले. सुमी ट्रंकेवरची धूळ झटकत होती. मी तिला काही सांगितलं नाही. त्या क्षणापासून आजवर मी जितकी भ्याले तितकी मामांबरोबर एका घरात राहूनही आधी कधी भ्याले नव्हते.

शेवटचं प्रकरण मामांनी कौल न लावता लिहिलं. भागी सगळ्या झडपा दोनदा तपासते, दोर सोडते आणि जाते. खाली पेंढा कुठेच नाही. मी मराठीची बाई म्हणून सांगते, तेवढं एक प्रकरण निर्दोष आहे.

पुढची वर्षं मामा भीतीचे मालकच झाले. पूर्वी ते जगातल्या सगळ्या वस्तूंना थोडं थोडं भीत. आता माडाखालून सरळ चालत जात, कारण लक्ष सगळं एकाच जागी गुंतलेलं. सुमी सुट्टीला आली की तिचे दोन्ही हात हातात घेऊन बोटं चाचपून बघत आणि मगच "कधी आलीस?" विचारत. ती वर्कशॉपच्या गमती सांगायला लागली की कानांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत. वेणी तिनं पहिल्याच वर्षी कापून टाकली. मी रडले, मामा म्हणाले, "बरं झालं, भ्यायचं एक कारण गेलं." तिला नोकरी लागली ती नेमकी बॉयलर तपासायची. मोठमोठ्या कारखान्यांतले बॉयलर बंद करून, निववून, त्यांच्या आत उतरून बघायचं. हे तिनं आनंदानं सांगितलं तेव्हा मामा उठून आपल्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळानं कपडे करून, गावच्या गाडीची वेळ विचारत बाहेर आले.

गावी ते आता कौल लावायला जात नसत. एकदा मी त्यांच्यासोबत होते. गुरवाला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं, नारळ ठेवला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. आपल्याला कुणी ऐकत नाही असं त्यांना वाटत होतं. "आई, खोटं मी बोललो. पोरीला काही ठाऊक नाही. तुझं जे काय असेल ते माझ्याशी." एवढंच. मग डोकं टेकून ते बाहेर आले आणि गुरवाजवळ पायरीवर बसून पाऊसपाण्याचं बोलले. गुरवाला सगळं ठाऊक होतं. त्यानंही जन्मभर ते तोंडाबाहेर काढलं नाही.

शेवटच्या आजारात मामा अंथरुणाला खिळले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "मामा, एकदा क्षमेचा कौल लावून घेऊ या. सुमी सुखरूप आहे, इतकी वर्षं झाली. देवीनं कधीच पोटात घातलं असेल. मन मोकळं होईल तुमचं." मामा छताकडे बघत म्हणाले, "नको गो. डावा आला तर सोसवायचं नाही. आणि उजवा आला तर मी भ्यायचा थांबेन. मग पोरीकडे लक्ष कोण ठेवील?"

मामा गेले ते झोपेत, काही वाजलं नाही, फुटलं नाही. सुमी कामावरून निघून आली तोवर सगळं आटोपलं होतं. कादंबरी तिनं आपल्याबरोबर नेली. ती छापावी असं अधूनमधून म्हणते. मी तिला शुद्धलेखनाच्या चुका दाखवते आणि विषय तिथेच राहतो. कधी फोनवर, बोलता बोलता मामांची आठवण निघाली की ती म्हणते, "आई, त्या दिवशी देवीनं उजवा दिला नसता तर मी काय करत असते गं?" मी म्हणते, "देवीचीच कृपा." फोन ठेवते, आणि मग ती पुन्हा फोन करीपर्यंत भीत बसते. ते काम आता माझ्याकडे आलं आहे.